भ्यालेल्या लेकरास काय सांगावे?



या महिन्याचा पाठ नेहमीपेक्षा थोडा निराळा आहे. भजनास, कीर्तनास जमणाऱ्या आयाबायांच्या तोंडून अलीकडे एकच तक्रार वारंवार आमच्या कानी येते. मूल रात्री दचकून उठते. दिवा मालवू देत नाही. एकटे परसात जात नाही. काय झाले म्हणून विचारावे, तर सांगत नाही. मग केव्हातरी कळते की, कोणाच्या तरी मोबाईलवर, नाही तर टीव्हीवर, पोराने काहीतरी भलतेच पाहिले. आता त्याची समजूत घालावी कशी?

प्रश्न दिसतो साधा. परंतु या परीक्षेत आम्ही स्वतःच एकदा नापास झालो आहोत. म्हणून प्रथम आमची चूक आपणापुढे मांडतो आणि मग विषयाकडे वळतो.

आमचा धाकटा नातू सहा वर्षांचा. एके दिवशी सकाळीच दारात वासुदेव आला. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगात पायघोळ अंगरखा, खांद्याला झोळी, हातात चिपळ्या. दर साली येणारा ओळखीचा माणूस. एरवी नातू पुढे धावायचा आणि सुपातले दाणे आपल्या हाताने झोळीत घालायचा. त्या दिवशी चिपळ्यांचा आवाज कानी पडला मात्र, पोराने किंकाळी फोडली आणि आत पळत जाऊन आजीच्या पदराआड दडला. अंग लटलट कापत होते. वासुदेव बिचारा ओशाळला. "माझं काही चुकलं का, माउली?" म्हणाला.

आणि आम्ही काय केले? आम्ही हसलो. "अरे, एवढा घोडा झालास आणि वासुदेवाला भितोस? सांगू का शाळेत सगळ्यांना?" असे म्हणालो. पोर गप्प बसले. भय गेले म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून. आम्हांस वाटले, मिटले. त्या रात्री त्याने अंथरूण ओले केले आणि पुढले आठ दिवस तो परसाकडे एकटा फिरकला नाही.

शेवटी त्याच्या आजीने गाठ सोडवली. तिने काही विचारले नाही. संध्याकाळी तांदूळ निवडायला बसली आणि त्याला जवळ बसवून घेतले. हात कामात गुंतले की तोंड मोकळे होते, ही बायकांची जुनी समजूत आहे व ती खरी आहे. थोड्या वेळाने पोर आपणहून बोलू लागले. आत्तेभावाच्या मोबाईलवर त्याने एक क्लिप पाहिली होती. एक माणूस येतो, मुलाला पोत्यात घालतो आणि घेऊन जातो.

"मग?" आजीने विचारले.

"मग संपलं."

थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, "आजी, ते पोर अजून पोत्यातच आहे का गं?"

आणि पुढे म्हणाला, "आजोबा म्हणाले होते ना, जेवला नाहीस तर गोसावी झोळीत घालून नेईल म्हणून."

ते आजोबा म्हणजे आम्हीच. क्लिप एका मिनिटाची होती, परंतु तिच्यासाठी जमीन आम्ही आधीच नांगरून ठेवली होती. पोत्याची झोळी झाली आणि झोळीचा वासुदेव झाला. पोराचा हिशेब त्याच्या परीने चुकला नव्हता.

यानंतर आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्यातून जे हाती आले ते येथे देत आहोत.

भय खोटे नसते

पुष्कळांचा असा समज आहे की, चित्र खोटे म्हणजे भयही खोटे. वस्तुतः तसे नाही. भय प्रथम शरीराला होते. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, तोंडाला कोरड पडते. समोरचे खरे की पडद्यावरचे, हा विचार मागाहून येतो. मोठ्या माणसाचा विचार लगेच धावत येऊन शरीराला थोपवतो. लहान मुलाचा विचार अजून रांगत असतो. त्याला पोचायला वेळ लागतो, तोवर भय घरात शिरून बसलेले असते.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जोॲन कॅन्टर नावाच्या प्राध्यापिकेने मुलांच्या या भयाचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिने व क्रिस्टन हॅरिसन हिने मिळून १९९९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. महाविद्यालयात शिकणाऱ्या सुमारे दीडशे तरुणांना विचारले की, लहानपणी चित्रपट वा टीव्ही पाहून तुम्ही कधी फार भ्याला होता काय? शंभरात नव्वदांनी होय म्हटले. आणि शंभरात सुमारे २६ जण असे निघाले की, त्यांच्या मनातून त्या भयाचा अंश तोवर गेला नव्हता. ही मंडळी वयात आलेली, शिकलेली. तेव्हा "पोर आहे, विसरेल" हे आपले म्हणणे नेहमीच खरे ठरते असे नाही.

म्हणून पहिला धडा हा की, भ्यालेल्या मुलास हसू नये, चिडवू नये, भेकड म्हणू नये. मुलगा असेल तर "मुलगा असून भितोस?" असे तर मुळीच म्हणू नये. अशाने भय जात नाही. ते फक्त तोंड मिटून आत जाऊन बसते आणि आपणास त्याचा पत्ता लागेनासा होतो.

वय पाहून बोलावे

प्रल्हादाची कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. खांब फुटतो, नरसिंह प्रकट होतो. मोठ्यांचे डोळे आनंदाने भरून येतात, कारण देव भक्ताला सोडवायला आला हे त्यांना कळते. परंतु तीन वर्षांचे मूल नरसिंहाचे चित्र पाहून आईच्या खांद्यात तोंड खुपसते. त्याला दिसतात ते दात, नखे आणि वटारलेले डोळे. हा आपल्याला तारणारा आहे, हा विचार त्या मुलाच्या आवाक्यातला नव्हे.

हेच अमेरिकेत दिसून आले. तिकडे १९७८ ते १९८२ या काळात टीव्हीवर 'द इन्क्रेडिबल हल्क' नावाची मालिका चालत असे. तिच्यात एक साधा गृहस्थ रागावला की हिरवागार, अवाढव्य होतो आणि संकटात सापडलेल्यांस सोडवतो. कॅन्टर व तिच्या सहकाऱ्यांना आढळले की, शाळेत न जाणारी लहान मुले हिरव्या रूपालाच सर्वांत जास्त भीत. थोडी मोठी मुले मात्र त्याच्या येण्याने सुटकेचा श्वास टाकीत. तारणारा तोच, पण पाहणाऱ्याचे वय निराळे.

यावरून स्थूलमानाने असे म्हणता येते. सात वर्षांच्या आतील मूल रूपाला भिते: अक्राळविक्राळ तोंड, मोठा आवाज, एकदम अंगावर येणारी वस्तू, एका रूपाचे दुसरे रूप होणे. आठ वर्षांपुढील मूल घटनेला भिते: चोर घरात शिरेल काय, आईबापांना काही होईल काय, पूर येईल काय. भुताच्या मुखवट्याला ते हसेल, परंतु बातम्यांतील आगीने त्याची झोप उडेल.

म्हणून उपायही वयाप्रमाणे निराळा. लहान मुलास "ते खरं नाही रे" असे दहा वेळा सांगून उपयोग होत नाही. त्याला शब्द नको असतात, कूस हवी असते. पोटाशी घ्यावे, घोटभर पाणी किंवा दूध द्यावे, आवडते खेळणे हातात द्यावे, दिवा ठेवावा. आणि शक्य असेल तर ज्या वस्तूची भीती बसली ती आतून उघडून दाखवावी. कोकणात शिमग्याला काळ्या वेषातला संकासुर आला की पोरे घराच्या कोनाकोपऱ्यात लपतात. पण आपलाच काका तो वेष अंगावर चढवताना पोराने एकदा पाहिला की, पुढच्या खेपेस तेच पोर त्याच्या मागे धावते. अमेरिकेतील मुलांचे लाडके कार्यक्रमकर्ते फ्रेड रॉजर्स यांनी हेच केले. ते त्या हिरव्या हल्कच्या चित्रीकरणास गेले आणि नट लू फेरिग्नो यास रंग कसा फासतात ते त्यांनी मुलांस सविस्तर दाखविले. युक्ती एकच आहे, मग ती शिमग्यातली असो की टीव्हीवरची.

मोठ्या मुलास मात्र बोलणे हवे असते. त्याला "असं काही होतच नाही" असे सांगू नये. ते खोटे आहे आणि त्याला ते ठाऊक असते. "असं क्वचितच होतं," एवढ्यानेही त्याचे समाधान होत नाही, कारण भ्यालेल्या मनाला क्वचित आणि नेहमी हा भेद दिसत नाही. त्यापेक्षा आपण काय काळजी घेतो ते सांगावे. "रात्री कडी लावतो, शेजारी कोण आहेत ते तुला माहीत आहे, तू हरवलास तर कुणाकडं जायचं ते आपण ठरवून ठेवू." मनाला हाताने करण्याजोगे काही मिळाले की भय आपोआप थोडे मागे सरते.

बातम्यांचे भय

आता बातम्यांकडे येऊ. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवाद्यांनी हल्ला केला. तो २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालला आणि त्यात १६६ माणसे मरण पावली. ते सर्व दिवस घराघरांतील टीव्ही अखंड चालू होता. ताजमहाल हॉटेलच्या घुमटाखालून निघणारा धूर आपण किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. मोठे बसले होते, म्हणून मुलेही बसली होती. कोणी मुद्दाम दाखवले नाही आणि कोणी उठवलेही नाही.

आपणास कळते की, ती एकच आग पुन्हा पुन्हा दाखवीत आहेत. लहान मुलास ते कळत नाही. त्याच्या लेखी दर खेपेस नवी आग लागते, नवे हॉटेल जळते. दहा वेळा दाखवले की दहा हल्ले झाले. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ रोजी विमाने आदळवून न्यूयॉर्कचे मनोरे पाडले, तेव्हा काही दिवसांतच देशभर एक पाहणी झाली. पालकांनी सांगितले की, त्या दिवशी मुलांनी सरासरी तीन तास ती दृश्ये पाहिली. शंभरात ३५ मुलांत मनावरच्या ताणाचे एक तरी लक्षण होते: कोणाची झोप गेली, कोणाचे लक्ष लागेना, कोणी विनाकारण चिडू लागले. यांतील बहुतेक मुले न्यूयॉर्कपासून शेकडो मैल दूर होती. त्यांना धग लागली ती पडद्यातूनच.

दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचे थेट प्रक्षेपण करू नये, असा नियम आपल्या देशात २०१५ साली झाला. तो सुरक्षेच्या कारणास्तव झाला, आणि योग्यच झाला. परंतु घरातील प्रक्षेपणाचा नियम सरकार करू शकत नाही. तो आपणच केला पाहिजे. आमचे सांगणे एवढेच की, मोठी दुर्घटना घडली असता घरात लहान मूल असेल तर बातमी वाचावी, किंवा मूल झोपल्यावर पाहावी. मोठ्या मुलाने विचारलेच तर आपण स्वतः चार वाक्यांत सांगावे: काय झाले, कोठे झाले, आता कोण काय करीत आहे. या शेवटच्या गोष्टीवर भर द्यावा. फ्रेड रॉजर्स सांगत की, लहानपणी भयंकर बातमी पाहिली की त्यांची आई त्यांना मदत करणाऱ्या माणसांकडे पाहावयास शिकवी. आगीच्या चित्रात आगही असते आणि अग्निशामक दलाचे जवानही असतात. मुलाचे बोट धरून त्याची नजर त्या जवानांकडे वळवणे, हे आईबापांचे काम होय.

शेवट तोडलेली गोष्ट

आता आमच्या नातवाच्या प्रश्नाकडे परत येतो. ते पोर अजून पोत्यातच आहे का?

वाचकहो, या प्रश्नात सगळा विषय आला. प्रल्हादाच्या कथेत भयंकर गोष्टी थोड्या आहेत काय? बाप मुलास कड्यावरून लोटवितो, आगीत बसवितो. तरी पिढ्यान् पिढ्या मुलांनी ती ऐकली आणि आईच्या मांडीवर झोपी गेली. कारण दोन. एक, गोष्ट ऐकताना मूल एकटे नव्हते. सांगणारा त्याचा चेहरा पाहत होता आणि डोळे मोठे झालेले दिसले की आवाज उतरवीत होता. दुसरे, गोष्टीला शेवट होता. प्रल्हाद सुटला. भय आत शिरले तसे दुसऱ्या दाराने बाहेरही गेले.

मोबाईलवरच्या तुकड्याला दोन्ही नाही. तो मूल एकटे पाहते, पुष्कळदा कानाला लावून, पांघरुणात. आणि तो भयाच्या ऐन टोकावर तुटतो. लगेच पुढचा तुकडा सुरू होतो. मोबाईलला मुलाचा चेहरा दिसत नाही. पोत्यातले पोर पोत्यातच राहते आणि रात्री मुलाच्या अंथरुणात येते.

शेवट तोडला म्हणजे काय होते, याचे एक भयंकर उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. पाकिस्तानात कराची येथे एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक छोटी फीत तयार केली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात; परंतु लगेच ते मूल परत आणून सोडतात आणि आईबापांनी सावध राहावे अशा अर्थाची पाटी धरतात. फीत चांगल्या हेतूची. कोणीतरी तिचा शेवट कापला. उरला तो फक्त मूल पळविण्याचा देखावा. तो तुकडा २०१८ साली 'मुले पळवणारी टोळी आली' अशा मजकुरासह आपल्या देशात मोबाईलवरून फिरू लागला. असे इतरही अनेक संदेश त्या काळात फिरत होते आणि गावोगाव लोक अनोळखी माणसाकडे संशयाने पाहू लागले होते.

१ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी पाच माणसे आली. त्यांतील बहुतेक मंगळवेढे तालुक्यातील होती. आपल्या पंढरपुराजवळचे, चोखोबांचे, दामाजीपंतांचे मंगळवेढे. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना ठार मारले. पाचही जणांना. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते.

मारणारे लोक राक्षस नव्हते. आपल्यासारखेच बाप, भाऊ, चुलते होते आणि आपापल्या पोरांसाठी भ्यालेले होते. परंतु भयाला शेवट नसला आणि विचाराची सोबत नसली तर ते कोठवर जाते, हे त्या दिवशी दिसले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने आपल्या देशापुरती अशी मर्यादा घातली की, एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये. मर्यादा चांगली. पण पाच ठिकाणी धाडण्यापूर्वी आपण काय धाडतो हे पाहणे, ही मर्यादा आपणच स्वतःला घालावयाची आहे.

आमच्या मनाला चटका बसला तो निराळ्याच कारणाने. "गोसावी झोळीत घालून नेईल" हे वाक्य आम्ही आयुष्यभर पोरांना सांगत आलो. त्यात काही वावगे आहे असे कधी वाटले नाही. पोराने दोन घास जास्त खावेत म्हणून एका गरीब, फिरस्त्या माणसाला आम्ही बागुलबुवा करीत होतो. सहा वर्षांचे पोर त्या माणसाला पाहून पदराआड दडते. तेच पोर तीस वर्षांचे झाल्यावर काय करील?

घरी काय करावे

आता उपायांचा सारांश देतो. यांतील बहुतेक आम्ही घरी करून पाहिले आहेत.

१. मूल जे पाहणार ते शक्य तो आधी आपण पाहावे, नाही तर सोबत बसून पाहावे. चित्रपटांच्या प्रमाणपत्रांत २०२४ पासून ७, १३ व १६ वर्षे असे वयाचे टप्पे स्पष्ट छापले जातात, ते वाचावेत. इंटरनेटवरील चित्रपट-मालिकांसही २०२१ च्या नियमांप्रमाणे असेच टप्पे आहेत आणि १३ वर्षे व त्यापुढील मजकुराला कुलूप घालण्याची सोय देणे त्या कंपन्यांवर बंधनकारक आहे. ते कुलूप कसे घालायचे हे घरातील तरुण मुलामुलींकडून शिकून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

२. मोबाईल ओसरीवर, माजघरात, चार माणसांत पाहावा. पांघरुणात आणि परसात नाही. झोपण्यापूर्वी तासभर तर नाहीच. हा नियम मोठ्यांनीही पाळावा, नाही तर तो टिकत नाही.

३. मूल सांगावयास आले की हातातले काम ठेवावे. "कुणी दाखवलं? कशाला बघितलंस?" ही उलटतपासणी प्रथम करू नये. रागावण्याच्या भीतीने मूल मूळची भीती लपवते. आधी "बरं झालं सांगितलंस" एवढेच म्हणावे.

४. मूल सांगत नसेल तर खोदून विचारू नये. शेंगा फोडायला, भाजी निवडायला जवळ बसवावे, किंवा कागद-खडू द्यावा. काही मुले तोंडाने सांगत नाहीत, चित्राने सांगतात.

५. त्याने जे पाहिले ते आपण एकट्याने पाहावे आणि त्याला शेवट सांगावा. मुलास ते पुन्हा पाहावयास लावू नये. 'भीती मोडण्यासाठी' अंधाऱ्या खोलीत बसविणे, तीच क्लिप पुन्हा दाखविणे, हे उपाय नव्हेत, अत्याचार होत.

६. आपणही लहानपणी कशाला भीत होतो ते सांगावे. आजोबाही विहिरीजवळच्या पिंपळाला भीत होते, हे ऐकून पोराला जो धीर येतो तो कोणत्याही उपदेशाने येत नाही.

७. जेवण, झोप, शाळा, सायंकाळचा हरिपाठ, घरचा जो क्रम असेल तो चालू ठेवावा. रोजचे तेच ते घडत राहिले की जग जागेवर आहे, अशी मुलाची खात्री पटते.

८. बुवा, पोलीस, गोसावी, डॉक्टर, कोणाचेही नाव घेऊन मुलास भिवविणे आजपासून बंद करावे. ज्यांच्याकडे संकटात धावत जायचे त्यांचीच भीती आपण घालून ठेवतो आणि ऐन वेळी मूल त्यांच्याजवळ जात नाही.

केव्हा मदत घ्यावी

असे काही पाहिल्यावर चार-आठ दिवस मूल बिचकणे स्वाभाविक आहे. परंतु महिना उलटला तरी झोप नीट नाही, खाणे कमी झाले, शाळेत जाण्यास नकार, तेच तेच दृश्य डोळ्यांपुढे येते असे सांगणे, किंवा मरणाच्या गोष्टी बोलणे, असे दिसले तर दृष्ट काढून थांबू नये. आजीने मीठमोहऱ्या ओवाळल्या तर आमची हरकत नाही. मात्र त्यासोबत डॉक्टरांकडेही न्यावे. मनाच्या दुखण्यासाठी सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलिमानस' या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. फोन करण्यास पैसे पडत नाहीत. मुलांच्या अडचणीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन आकडे दिनदर्शिकेवर लिहून ठेवावेत.

नातवाचे पुढे काय झाले ते सांगून पाठ पुरा करतो. त्याच्या बापाने ती क्लिप शोधून पाहिली. ती एका चित्रपटातली निघाली. त्या चित्रपटात गावकरी जमतात आणि मुलाला सोडवतात. सुनेने ही सगळी गोष्ट त्याला रात्री मांडीवर घेऊन सांगितली. तीन रात्री त्याने तीच गोष्ट मागितली आणि दर वेळी पोते उघडण्याच्या जागी थांबवून विचारले, "मग तो बाहेर आला ना?" तिने दर वेळी "आला" म्हणून सांगितले. कंटाळली नाही.

पुढे वासुदेव पुन्हा आला. आम्ही त्याला आधीच सारे सांगितले होते. तो पायरीवर बसला, चहा घेतला आणि झोळी उलगडून समोर ठेवली. आत थोडी ज्वारी, थोडे गहू, बिस्किटाचा एक पुडा आणि जुने धोतर. "बघा बाळासाहेब, यात तुम्ही मावताय का?" असे त्याने विचारले. पोर दाराआडून पाहत होते. पुढे आले नाही. त्याच्या पुढच्या खेपेस मात्र आजीचे बोट धरून आले आणि अर्धी ओंजळ दाणे झोळीत, अर्धी पायरीवर सांडून आत पळाले.

दिवा अजून रात्रभर लागतो. लागू द्यावा, असे आम्ही ठरविले आहे.

मननासाठी तीन प्रश्न

आपल्या घरातील मुलाने मागल्या आठवड्यात मोबाईलवर काय पाहिले, हे आपणास सांगता येईल काय?

आपण मुलास कोणाचे नाव घेऊन भिववितो? तो मनुष्य दारी आला तर मूल त्याच्याकडे कसे पाहील?

शेवटचा भयंकर संदेश आपण पुढे धाडला, तेव्हा त्याचा शेवट काय होता हे आपणास ठाऊक होते काय?